फोटो झकास, पण किडा कोणता ते ठरेना: कोल्हापूर परिसरातल्या निसर्गफेरीसाठी समस्या निवारण

तक्रार नेहमी एकच असते. कळंबा तलावाच्या काठावर, विद्यापीठाच्या आवारात किंवा मसाई पठारावर सकाळभर फिरून शे-दोनशे फोटो काढले जातात. त्यातले काही खरोखर देखणे असतात. तरीही चार दिवसांनी त्यांच्याखाली ‘भुंगेरा’, ‘माशी’, ‘कुठलातरी ढेकूण’ एवढंच लिहिलेलं दिसतं.

दोष सहसा कॅमेऱ्याचा नसतो. ज्या अवयवावरून ओळख ठरते तो फोटोत आलेलाच नसतो, किंवा आलाच तर धूसर असतो. ढालकिड्याच्या (लेडीबर्डच्या) पाठीवरचे ठिपके लख्ख दिसतात आणि डोक्यामागची ढाल पुसट. मुंगीचे डोळे चमकतात आणि कंबर पानाआड. त्यामुळे नवी लेन्स घ्यायच्या आधी आपण कोणत्या कोनातून फोटो काढतो ते तपासा. त्याचा खर्च शून्य आहे.

आधी पाय मोजा

ओळख पहिल्याच पायरीवर चुकली की पुढचं सगळं चुकतं. पहिल्या पावसानंतर, मृग नक्षत्राच्या सुमारास, मातीवर लालभडक मखमली गोळे फिरू लागतात. त्या मृगाच्या किड्याला आठ पाय असतात. तो कीटक नाही, कोळ्यांच्या वर्गातला प्राणी आहे. कीटकांच्या यादीत शोधत बसलात तर तो कधीच सापडणार नाही.

त्याहून फसवी आहे मुंगीसारखी दिसणारी उडी-कोळीण. आंब्यावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या ओंबील मुंग्यांच्या आसपास ती हमखास असते. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालते, त्यामुळे वरून काढलेल्या फोटोत ती मुंगीच वाटते. समोरून एक फोटो घ्या: पुढे पाहणारे दोन मोठे डोळे दिसले की शंका उरत नाही.

तूर, चवळी, मुगाच्या शेंगांवर मुंगीसारखी दिसणारी काळपट पिल्लं आढळतात, ती शेंगा शोषणाऱ्या ढेकणाची. मुंगीची मिशी कोपरात वाकलेली असते, या पिल्लांची सरळ लांब. बाजूने पाहिलं तर डोक्याखाली दुमडलेली सोंड दिसते. मुंगीला सोंड नसते, जबडे असतात.

एकाच कोनातून दहा फोटो

सगळ्यात जास्त ओळखी इथेच अडतात. किडा दिसला की हात आपोआप वरून, तिरक्या कोनातून फोटो घेतो, आणि मग तोच फोटो दहा वेळा निघतो. सवय अशी लावा: पहिला फोटो दुरून, किडा उडून गेला तरी पुरावा राहील असा. मग बरोबर वरून, मग बरोबर बाजूने, मग समोरून चेहरा. शेवटी ज्या झाडावर तो बसला होता त्याचं पान, फूल आणि पूर्ण झाड. यातला पाचवा फोटो लोक सर्रास विसरतात, आणि पानं खाणाऱ्या अळ्यांच्या बाबतीत तोच अनेकदा निकाल लावतो. कढीपत्त्यावरची किंवा लिंबावरची अळी आणि रुईवरची अळी यांच्या शक्यता मुळातच वेगळ्या असतात.

प्रत्येक गटाला मात्र आपला असा एक कोन लागतो.

भुंगेऱ्यांमध्ये पुढच्या पंखांची दोन्ही कवचं पाठीच्या मधोमध एका सरळ रेषेत मिळतात. ढेकणांत पंख एकमेकांवर फुलीसारखे येतात आणि खांद्यांमध्ये एक त्रिकोण दिसतो. काही चकचकीत हिरवे-निळे ढेकूण हुबेहूब भुंगेऱ्यासारखे असतात, कारण त्यांचा तो त्रिकोण वाढून सगळी पाठ झाकतो. अशा वेळी पाठीवर मधली रेघ आहे का एवढंच पाहा. रेघ नसेल तर तो ढेकूण.

ढालकिड्यांचे ठिपके मोजण्यात फार वेळ घालवू नका. एकाच जातीत ठिपके कमी-जास्त होतात, एकमेकांत मिसळतात, नागमोडी पट्टे होतात. डोक्यामागच्या ढालीवरची नक्षी त्यामानाने भरवशाची, म्हणून फोकस तिथे हवा. वांग्याच्या किंवा दोडक्याच्या पानावर पान खरवडून जाळी केलेली दिसली आणि त्यावर ठिपक्यांचा, मंद रंगाचा, बारीक लव असलेला ढालकिडा असेल तर तो मावा खाणारा मित्रकीटक नाही, पान खाणारा हड्डा भुंगेरा आहे. ही लव समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये पार दिसेनाशी होते. प्रकाश बाजूने आला पाहिजे.

मुंग्यांना कंबर हवी, तीही बरोबर बाजूने. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक गाठ आहे की दोन, यावरून मुंग्यांची उपकुळं वेगळी होतात. मोठ्या काळ्या मुंगळ्याला एक गाठ असते. पोट वरून पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं दिसत असेल आणि मुंगी ते डोक्यावर उचलून धरत असेल तर ती क्रिमॅटोगॅस्टर. तिच्या कमरेला दोन गाठी असतात आणि पोट त्यातल्या दुसऱ्या गाठीला वरच्या अंगाने जोडलेलं असतं.

फुलांवरच्या माश्यांत सर्वांत जास्त घोळ मधमाशी आणि फुलमाशी (होव्हरफ्लाय) यांच्यात होतो. सूर्यफुलावर, कोथिंबिरीच्या फुलांवर पिवळे-काळे पट्टे दिसले की सगळ्यांना सातेरी किंवा फुलोरी मधमाशी म्हटलं जातं. समोरून फोटो घ्या. मधमाशीच्या मिशा लांब आणि वाकलेल्या. फुलमाशीच्या जेमतेम दिसतील अशा आखूड. पंख दोन की चार, हे बसलेल्या माशीवर बऱ्याचदा कळत नाही, कारण मधमाशीचे मागचे पंख पुढच्यांना आकड्यांनी अडकवलेले असतात. त्यापेक्षा पंखाचा एक फोटो उजेडाकडे धरून घ्या: फुलमाशीच्या पंखात शिरा बाहेरच्या कडेला पोचायच्या आधीच वळतात आणि कडेला समांतर धावतात. डोळ्यांवर बारीक ठिपके किंवा उभे पट्टे असतील तर ती नक्कीच मधमाशी नव्हे.

टाचण्यांसाठी (चतुरांच्या नाजूक भाईबंदांसाठी, म्हणजे डॅम्सेलफ्लायसाठी) वरून काढलेला एकच फोटो जवळजवळ निरुपयोगी. छातीच्या बाजूवरचे पट्टे आणि पोटाच्या टोकाशी असलेली आकड्यासारखी उपांगं, दोन्ही लागतात. पोटाचे खंड दहा. ते शेपटीकडून मोजा, म्हणजे शेवटचा दहावा. पुढून मोजायला गेलं तर पहिला खंड छातीखाली दडलेला असल्याने हमखास चूक होते. काही बारीक टाचण्यांत आठव्या-नवव्या खंडावरची निळाई कुठून सुरू होते आणि कुठे संपते यावरच जात ठरते, तेव्हा शेपटीचं टोक धूसर गेलं तर बाकीचा फोटो कितीही सुबक असो, उपयोग नाही.

गवतावरच्या चिमुकल्या निळ्या फुलपाखरांचा, म्हणजे ग्रास ब्ल्यूंचा, पंख उघडलेला फोटो सगळ्यांना आवडतो आणि त्यावरून ओळख पटवणं अवघड जातं. मिटलेल्या पंखांची खालची बाजू हवी. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मधल्या बंद कोशिकेत (शिरांनी वेढलेल्या चौकटीत) ठिपका असेल तर डार्क किंवा पेल ग्रास ब्ल्यू. नसेल तर लेसर ग्रास ब्ल्यूकडे वळा. पहाटे ती गवताच्या टोकावर पंख मिटून बसलेली असतात. तासभर उशीर केला की हा कोन मिळायला पाठलाग करावा लागतो.

अर्धा किडा स्पष्ट, अर्धा धूसर

हा दोष हातांचा नाही, प्रकाशशास्त्राचा आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर १:१ आकारमानात (किडा सेन्सरवर खऱ्याएवढाच पडतो तेव्हा) लेन्सचं छिद्र एफ/११ ठेवलं तरी स्पष्टतेचा पट्टा सुमारे १.३ मिमीचा असतो. त्याहून लहान एपीएस-सी सेन्सरवर ०.९ मिमीच्या आसपास. फुल-फ्रेमवर २:१ ला गेलात की अर्धा मिलिमीटर. ढालकिड्याची उंचीच त्याहून जास्त.

मग एफ/२२ का नको? कारण १:१ ला प्रत्यक्ष छिद्र दुपटीने अरुंद असल्यासारखं वागतं. एफ/११ म्हणजे परिणामी एफ/२२, आणि एफ/२२ म्हणजे एफ/४४. तिथे विवर्तनाने, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळाच फोटो मऊ पडतो आणि लव, शिरा, खड्डे नाहीसे होतात. एफ/८ ते एफ/११ वर थांबा. पट्टा वाढवता येत नाही, पण तो कुठे पडावा हे आपल्या हातात आहे. किड्याची जी बाजू हवी तिला सेन्सर समांतर ठेवा: वरून काढताना पाठीला, बाजूने काढताना अंगाला. पाच-दहा अंश तिरका झालात की डोकं स्पष्ट आणि पोट गेलं.

ऑटो-फोकस बंद करा. हवं ते आकारमान लेन्सवर ठरवून ठेवा आणि अंग पुढे-मागे झुलवत सलग फोटो घ्या. दहांतले एक-दोन बरोबर बसतात. डावा हात जमिनीला किंवा फांदीला टेकलेला असावा. पहाटे गारठ्याने किडा हलत नसेल तर वेगवेगळ्या जागी फोकस केलेल्या दहा-पंधरा फोटोंचा थर जोडता येतो, पण जोडकामात मिशीला दुसरी मिशी फुटणं किंवा केस दुप्पट होणं नेहमीचं. ओळखीसाठी टाकताना जोडलेल्या फोटोसोबत मूळ एकेरी फोटोही द्या.

मॅक्रो लेन्स नसेल तर रेनॉक्स डीसीआर-२५० सारखं, लेन्सच्या पुढे बसणारं +८ डायॉप्टरचं भिंग हा स्वस्त आणि चांगला मार्ग. लेन्स अनंतावर ठेवली तर आकारमान म्हणजे तिची फोकल लांबी भागिले १२५: ५५–२५० झूमवर २५० ला थेट २:१, १०० ला ०.८. किड्यापासून अंतर झूम बदलला तरी साधारण १२ सेमीच राहतं. झूम फार मागे घेतला तर कोपरे काळे पडतात.

फोन जवळ नेला की चित्र उडी मारतं

तीन-चार कॅमेऱ्यांचे फोन जवळ गेल्यावर स्वतःच रुंद लेन्सवर उडी घेतात. क्लिप लेन्स मुख्य कॅमेऱ्यावर लावलेली आणि फोन पाहतोय दुसऱ्याच भोकातून, असं होतं. सेटिंगमधला ऑटो-मॅक्रो बंद करा. कोणता कॅमेरा चालू आहे ते तपासायला एकेक भोक बोटाने झाकून पाहा.

बऱ्याच स्वस्त फोनांवर ‘मॅक्रो’ नावाचा वेगळा २ मेगापिक्सेलचा कॅमेरा असतो. तो वापरू नका. मुख्य कॅमेरा २x वर ठेवून १०–१५ सेमीवरून काढलेला आणि नंतर कापलेला फोटो जवळपास नेहमीच सरस ठरतो. क्लिप लेन्सला दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जावं लागतं. तिथे फोनचीच सावली किड्यावर पडते, म्हणून ऊन बाजूने येईल असे उभे राहा. क्लिप जरा सरकली तरी एक बाजू धूसर होते. फोनचं कव्हर काढून लावली तर ती कमी सरकते.

चकाकी, आणि किड्यामागे रात्र

काळ्या भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरा चट्टा पडतो आणि नेमके त्याखालीच कवचावरचे खड्डे असतात. फ्लॅशचा उगम किड्याच्या दृष्टीने मोठा करायचा, एवढाच उपाय. बटर पेपर किंवा पॅकिंगचा पातळ पांढरा फोम दोन थरांत, फ्लॅशपासून सात-आठ सेमी पुढे आणि किड्याच्या शक्य तितका जवळ वाकवून लावा. सुरुवात अशी करा: आयएसओ २००, शटर १/१६० ते १/२००, एफ/११, फ्लॅश मॅन्युअल १/१६. ताकद कमी ठेवली की झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लवकर संपतो आणि किड्याची हालचाल गोठते. पूर्ण ताकदीला तो लांबतो, आणि पंख पुसट येतात.

पार्श्वभूमी काळीकुट्ट येत असेल तर मागे काहीच नाही, एवढाच अर्थ. किड्याच्या मागे हातभराच्या आत एक पान येईल असा कोन घ्या. काळ्या किड्यांना ऑटो फ्लॅश जरुरीपेक्षा जास्त उजळतो आणि रंग उडतात. उसाच्या पानाखालच्या पांढऱ्या लोकरी माव्याचं उलट, सगळा फोटो राखाडी होतो. फ्लॅश नसेल तर पांढऱ्या माव्याला एक्स्पोजर +२/३, काळ्या भुंगेऱ्याला −२/३. उसाचं ते पान उलटलंत तर माव्यातच त्याला खाणाऱ्या डिफा पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस या जाळीपंखी कीटकाच्या अळ्या सापडतात. फोटो त्यांचेही घ्या, पण वेगळी नोंद करून.

वारा, दमट हवा

मसाई पठारावर आणि पन्हाळ्याच्या कड्यांवर पावसाळ्यात वारा थांबत नाही. काठीच्या टोकाला कपड्यांचा चिमटा बांधून ती जमिनीत रोवा आणि देठ चिमट्यात धरा. उघडी पांढरी छत्री वाराही अडवते आणि ऊनही मऊ करते. गगनबावड्याकडे जाताना वातानुकूलित गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढला तर काच धुकाळते. पिशवी बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा. पुसत बसू नका.

किडा केवढा होता?

मापाशिवाय फोटो अर्धा. नाणं बाजूला ठेवायची पद्धत फसवी आहे, कारण रुपयाचीच नाणी १९९२ नंतरच्या मालिकेत २५ मिमी, २०११ च्या मालिकेत जवळपास २२ मिमी आणि २०१९ च्या मालिकेत २० मिमी अशी आहेत. आलेखाच्या कागदाचा प्लास्टिक गुंडाळलेला तुकडा खिशात ठेवा, मिलिमीटरच्या चौकटींसह. किडा उडाला तरी चालेल. तो बसला होता त्याच पानावर कागद टेकवून, आकारमान न बदलता एक फोटो घ्या. दोन्ही फोटो ताडून लांबी काढता येते.

पोटाची खालची बाजू हवी असेल तर किडा स्वच्छ पारदर्शक डबीत दोन मिनिटं सावलीत ठेवून काचेतून खालून फोटो घ्या आणि त्याच झाडावर सोडा. फ्रिजमध्ये गार करून काढणं नको. लांबट, काळ्या अंगावर केशरी पट्टे असलेले फोड-भुंगेरे उघड्या हातांनी धरू नका, त्यांच्या स्रावाने कातडीवर फोड येतात. राधानगरी अभयारण्यात, दाजीपूरसह, डबीचा हा प्रयोग करूच नका. तिथे परवानगीशिवाय कुठलाही जीव पकडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही.

अ‍ॅप चुकीचं नाव देतं

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपची पहिली सूचना म्हणजे निदान नव्हे. त्या प्रणालीने ज्या जातींचे भरपूर फोटो पाहिलेत त्याच ती सुचवणार. युरोप-अमेरिकेतली जात समोर आली तर ‘जवळपास आढळते’ अशी खूण आहे का पाहा. खूण नसेल तर गण किंवा कुळ निवडून थांबा. ‘भुंगेरा’ एवढी बरोबर नोंद चुकीच्या जातीच्या नावापेक्षा जास्त कामाची, कारण भुंगेऱ्यांचे जाणकार नोंदी त्याच नावाने चाळतात.

पिल्लांच्या बाबतीत अ‍ॅप फार गोंधळतं. ढेकूण, नाकतोडे, टोळ यांच्या पिल्लांना पूर्ण पंख नसतात, खांद्यावर फक्त पंखांच्या कळ्या असतात, आणि रंग प्रत्येक कात टाकल्यावर बदलतो. पंखांच्या कळ्या दिसल्या की ‘पिल्लू’ अशी नोंद करा आणि आजूबाजूला त्याच झाडावर प्रौढ शोधा.

एका नोंदीत दोन वेगळे किडे टाकणं ही तर रोजचीच गफलत. फेरीत एक किडा संपला की स्वतःच्या तळहाताचा एक फोटो काढा. घरी आल्यावर तळहात ते तळहात म्हणजे एक किडा.

जातीपर्यंत पोचतच नाही

काही गट फोटोवरून जातीपर्यंत जातच नाहीत. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब आणि बाभळीवर येणारे हुमणीचे तपकिरी भुंगेरे हे त्यांतलंच उदाहरण. त्यांत एकाहून जास्त जाती आहेत, आणि खात्रीसाठी अनेकदा नराची जननेंद्रियं पाहावी लागतात. मिशीच्या टोकाची पानं आणि पायांच्या नख्या स्पष्ट आल्या तर प्रजातीपर्यंत (जीनसपर्यंत) मजल जाते. उसाच्या मुळाशी अळी सापडली तर तिच्या शेवटच्या खंडाची खालची बाजू टिपा. तिथल्या ताठ केसांची मांडणी जातीनुसार बदलते, आणि तो एक फोटो अळीच्या दहा पाठमोऱ्या फोटोंपेक्षा जास्त सांगतो. बारीक गांधीलमाश्या आणि चिलटांसारख्या माश्या कुळावरच ठेवा.

तारीख आणि ठिकाण हरवतं

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची माहिती गळून पडते. ओळखीसाठी कोणाला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवर, +५:३० वर, लावलं आहे का ते फेरीआधी पाहा. दुसऱ्या देशाची वेळ राहिली तर रात्री काढलेल्या पतंगांची तारीख सरकते. कॅमेऱ्यात जीपीएस नसेल तर प्रत्येक नव्या जागी फोनने एक फोटो काढा आणि त्यातलं स्थान कॅमेऱ्याच्या फोटोंना द्या. नकाशावर नुसतं ‘कोल्हापूर’ निवडलं तर अचूकतेचं वर्तुळ सगळ्या शहरावर पसरतं. रंकाळ्याच्या काठावरची टाचणी आणि दाजीपूरच्या ओढ्यावरची टाचणी यांच्या शक्यता वेगळ्या आहेत, त्यामुळे वर्तुळ शंभर मीटरच्या आत आणा.